ठोकताळा

डब्लिनहून तक्ता आलाय. एकवीस रकाने.
‘सन दोन हजार पन्नासपर्यंत पाण्याखाली
दररोज सरासरी किती माणसं असतील?’
शुक्रवारपर्यंत भरून पाठवा.
खाली बारीक अक्षरात: अंदाज चालेल,
फार खोलात जाऊ नये.

खोलात जाऊ नये!
मी एवढ्यानं हसले
की रात्रपाळीतला फियाक्रा चहा सांडून बसला.

व्हॅलेन्शिया बेटावरच्या या खोलीत अठरा वर्षं
मी समुद्र पाहिला तो कागदासारखा सपाट.
अक्षांश, रेखांश, बस.
कुणाची कयाक ओहोटीनं ओढून नेली,
कुणी मेंढी वाचवायला खडकावर उतरून स्वतःच अडकलं.
दोन आकडे टिपायचे, हेलिकॉप्टर धाडायचं.
आता तिसरा आकडा विचारताहेत.

याच बेटावरून एके काळी तळाशी तार सोडली,
पार पलीकडच्या खंडापर्यंत.
तिच्यामागून आणखी कोण कोण खाली उतरेल
हे तेव्हा कुणाला भरून द्यावं लागलं नसावं.

भरते आहे.
रकाना चार: काचेच्या पोटात बसून मासे बघणारे. माणशी एक खिडकी.
रकाना सात: समुद्रशेवाळाच्या शेतात दोर कापणारे गडी.
रकाना नऊ: तळ खरवडणारी यंत्रं, बिनमाणसांची,
(पण यंत्र आलं की मागून दुरुस्तीवाला आलाच).
रकाना बारा: गार पाण्यात गुणगुणत पडलेल्या संगणकांच्या पेट्या.
रकाना तेरा: विवाहसमारंभ.
हे मी घातलेलं नाही. छापूनच आलंय.

सोबतच्या पत्रात म्हटलंय, या क्षेत्राला पुढे भरपूर वाव आहे.
आहे ना.
तीस वाव, साठ वाव, नव्वद वाव.
आणि रेडिओची हाक खाऱ्या पाण्यात
हातभर जाते न जाते तोच मुरते.
तिथून आम्हाला कोण बोलावणार, आणि कशानं?

रकाना सोळा: दुर्घटनास्थळी पोचण्याचा अपेक्षित वेळ.

मॉसी गॅल्व्हिनची बोट बोलस टोकापाशी पालथी झाली
तेव्हा तो आत होता, कोंडलेल्या हवेत, हातात पाना.
आमचा माणूस पालथ्या तळावर आडवा, कान लावून.
तीन ठोके. थांबून दोन. परत तीन.
पाणबुडे यायला चार तास.
मी इथं बसून ते ठोके ऐकत होते
दुसऱ्याच्या तोंडून, रेडिओवर:
‘आत्ता एक.’
‘आत्ता एक.’
‘आत्ता नाही.’

एका फळीला चार तास,
तर नव्वद वावांना किती?
त्रैराशिक मांडलं, खोडलं.
फियाक्रा म्हणाला, गॉबनेट, सहा लिही.
सगळी केंद्रं सहाच लिहितात.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन.
बीगनिशजवळ इंजिन बंद, दोघंजण आणि कुत्रा.
बोटीचा रंग? निळा.
लाइफजॅकेटं? आहेत. कुत्र्यालासुद्धा.
आणि मग माझ्याच तोंडून ऐकलं मी:
‘पाण्याच्या वरच आहात ना?’

पलीकडे क्षणभर नुसता वारा.
‘अहो बाई,’ तो माणूस म्हणाला,
‘नाहीतर कुठं असणार?’

फियाक्रानं माझ्याकडे बघितलं नाही,
नीट ठरवून बघितलं नाही.
नाइट्सटाउनच्या धक्क्यावरून बचावबोट सुटली,
तिचा दिवा खिडकीतून दिसेनासा होईतो
मी उभी होते.

पंधरा रकाने भरलेत.
सोळाव्यात ती बारीक उभी रेघ लुकलुकते आहे.
थांबून.
परत.